संत्र्याची साल, पूजेची सुपारी आणि प्रयोगशाळेतला उंदीर
(मंडळाच्या गणेशोत्सवात लोधीखेडा येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाने आम्हाला ‘आहार आणि कर्करोग’ हा विषय दिला आणि वेळ दिली आरतीच्या आधीची. विषय एका संध्याकाळीत मावणारा नाही, म्हणून त्यातला एकच प्रश्न आम्ही निवडला आहे. ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द आता आपल्या घराघरांत पोहोचला आहे. चहाच्या डब्यावर तो आहे, औषधाच्या दुकानातल्या गोळ्यांवर आहे, च्यवनप्राशाच्या जाहिरातीत आहे. हे पदार्थ कर्करोग टाळतात असं आपण ऐकतो. पण कर्करोग टाळणारा म्हणून सांगितलेला पदार्थ स्वतःच कर्करोग करू शकतो का? शास्त्रज्ञांनी हा प्रश्न गेल्या पन्नास-साठ वर्षांत अनेकदा विचारला, आणि विचारला तो उंदरांना. बाप्पाच्या पायाशी बसलेल्या या जिवाने काय उत्तर दिलं, ते आज पाहू.

हा प्रश्न नुसता पुस्तकी नाही. आपल्यात दोन प्रकारची माणसं दिसतात. एकाला वाटतं की नैसर्गिक म्हटलं की कितीही घ्यावं, ते बाधणार नाही. दुसरा मोबाइलवर ‘अमुक पदार्थाने उंदरांना कॅन्सर झाला’ एवढं वाचतो आणि घरातलं जिन्नस उचलून फेकतो. दोघंही अर्धंच ऐकतात. आणि या दोघांच्या गोंधळात खरा धोका मात्र पानठेल्यावर सुखाने विकला जातो. त्याच्याकडे आम्ही शेवटी येणार आहोत.

आधी शब्द समजून घेऊ. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं. शेंगदाण्याचं तेल उघडं राहिलं की खवट होतं. हा प्राणवायूचा परिणाम, यालाच ऑक्सिडेशन म्हणतात. चिरलेल्या सफरचंदावर लिंबू पिळलं की ते काळं पडत नाही, कारण लिंबातलं क जीवनसत्त्व प्राणवायूचा मारा स्वतःवर घेतं. हे क जीवनसत्त्व म्हणजे अँटिऑक्सिडंट. आपल्या शरीरातही श्वासोच्छ्वास, पचन, तापातली झुंज अशा कामांत काही उतावळे रेणू तयार होतात. ते पेशीच्या गुणसूत्रांना ओरखडे काढतात आणि असे ओरखडे साचत गेले तर कर्करोगाची सुरुवात होऊ शकते. म्हणजे त्या रेणूंना आवरणारा पदार्थ कर्करोग आवरील, असा तर्क निघाला. तर्क सरळ होता. पण सरळ तर्क आणि सिद्ध झालेली गोष्ट यांत अंतर असतं, आणि ते अंतर प्रयोगाने मोजावं लागतं.

प्रयोग कसा करतात? ठरलेली पद्धत अशी आहे. उंदरांच्या दोन जाती घेतात, मोठा उंदीर म्हणजे रॅट आणि लहान उंदीर म्हणजे माऊस. दोन्हींतले नर वेगळे, माद्या वेगळ्या. प्रत्येक गटात साधारण ५०. एका गटाला साधं खाणं, दुसऱ्याला पदार्थाची कमी मात्रा, तिसऱ्याला जास्त. हे दोन वर्षं चालतं, म्हणजे उंदराचं जवळजवळ सगळं आयुष्य. नंतर प्रत्येक प्राण्याचे सगळे अवयव सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. अमेरिकेत १९७८ पासून नॅशनल टॉक्सिकॉलॉजी प्रोग्रॅम नावाची सरकारी यंत्रणा हे काम करते आणि तिचे अहवाल जगभर वापरले जातात.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. उंदरांना दिलेली मात्रा मुद्दाम प्रचंड ठेवतात. कारण सोपं आहे. एखाद्या पदार्थाने दहा हजारांत एकाला रोग होणार असेल तर ५० उंदरांच्या गटात तो दिसणारच नाही. म्हणून मात्रा उंदराला सोसेल तिथपर्यंत ताणतात. त्यामुळे ‘उंदराला गाठ झाली’ म्हणजे चौकशी सुरू करण्याची सूचना. निकाल नंतर येतो.

आता आपल्या मातीतला पदार्थ घेऊ. सौंसर आणि पांढुर्णा म्हणजे संत्र्याचा मुलूख. इथला माल नागपूरच्या नावाने देशभर जातो, पण आंबिया बहाराला पाणी कमी पडलं तर झोप उडते ती आपली. या संत्र्याच्या दोन गोष्टी प्रयोगशाळेत गेल्या, रसातलं क जीवनसत्त्व आणि सालीतलं तेल.

क जीवनसत्त्वाचा अहवाल १९८३ साली निघाला. दोन्ही जातींच्या उंदरांना खाण्यात अडीच टक्के आणि पाच टक्के क जीवनसत्त्व दोन वर्षं दिलं. पाच टक्के म्हणजे किलोभर पिठात ५० ग्रॅम. एवढं खाऊनही कर्करोग वाढला नाही. अँटिऑक्सिडंटांतल्या सगळ्यांत परिचित पदार्थाचा निकाल असा स्वच्छ लागला.

सालीची गोष्ट वेगळी निघाली. संत्र्याची साल दुमडून दिव्याच्या ज्योतीसमोर दाबली की तुषार पेट घेतात, हा खेळ आपण सर्वांनी लहानपणी केला आहे. त्या तेलाचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग लिमोनीन असतो. त्याची गणना पहिल्या ओळीच्या अँटिऑक्सिडंटांत होत नाही, पण आज बाजारात ते त्याच गुणांची यादी लावून विकलं जातं. या लिमोनीनचा अहवाल १९९० साली आला. नर रॅटना मक्याच्या तेलात मिसळून ते आठवड्यातून पाच दिवस, दोन वर्षं पाजलं. नुसतं मक्याचं तेल प्यायलेल्या ५० नरांत मूत्रपिंडाची गाठ एकालाही नव्हती. कमी मात्रेच्या गटात ५० पैकी ८ जणांना आणि जास्त मात्रेच्या गटात ११ जणांना ती झाली.

एवढंच वाचून कोणी बाग तोडायला निघेल. पण अहवालाचं पुढचं पान उलटलं की कोडं समोर येतं. मादी रॅटना याहून जास्त मात्रा देऊनही काही झालं नाही. लहान उंदरांत नराला नाही, मादीलाही नाही. चार गटांपैकी एकाच गटाला रोग का व्हावा?

उत्तर शोधायला काही वर्षं लागली. नर रॅटच्या यकृतात एक खास प्रथिन बनतं आणि ते लघवीवाटे बाहेर पडतं. लिमोनीनपासून शरीरात जो पदार्थ तयार होतो तो या प्रथिनाला चिकटतो. मग ते प्रथिन मूत्रपिंडात नीट विरघळत नाही, साचत जातं. साचल्याने पेशी मरतात, त्यांच्या जागी नव्या बनतात, त्याही मरतात. दोन वर्षं अशी घाईची डागडुजी चालली की कुठेतरी चूक होते आणि गाठ धरते. हे खरं की नाही हे पाहण्यासाठी शास्त्रज्ञांनी असे रॅट घेतले ज्यांच्या नरांत ते प्रथिन बनतच नाही. त्यांना लिमोनीन दिलं आणि मूत्रपिंडाला काही झालं नाही. माणसात, पुरुष असो की स्त्री, हे प्रथिन नाही. म्हणून १९९९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने स्पष्ट म्हटलं की रॅटमधला हा पुरावा पक्का असला तरी माणसाला लागू होत नाही.

शिवाय मात्रेचा हिशोब पाहा. त्या नर रॅटना किलो वजनाला १५० मिलिग्रॅमपर्यंत दिलं होतं. ६० किलोच्या माणसाला हे रोज ९ ग्रॅम शुद्ध लिमोनीन होईल, म्हणजे सुमारे दोन लहान चमचे तेल. संत्र्याची साल घालून केलेल्या बर्फीतून किंवा चहातून एवढं कोणाच्या पोटात जात नाही. याच लिमोनीनने रॅटच्या माद्यांत रसायनाने घडवलेल्या स्तनाच्या गाठी कमी झाल्या, असंही विस्कॉन्सिनच्या प्रयोगांत १९८८ साली दिसलं. पदार्थ एकच. अवयव बदलला, वाट बदलली, तसा परिणाम बदलला.

दुसरं उदाहरण तेलाच्या डब्यातलं. तेल, तूप, वनस्पती खवट होऊ नये म्हणून त्यात बीएचए नावाचं कृत्रिम अँटिऑक्सिडंट घालतात. जपानमध्ये नोबुयुकी इतो आणि सहकाऱ्यांनी ते रॅटच्या खाण्यात दोन टक्के मिसळलं आणि १९८३ साली प्रसिद्ध केलं की त्याने पोटात कर्करोग झाला. ही फार मोठी बातमी होती, कारण रोखणारा म्हणून ओळखला जाणारा पदार्थच रोग करताना दिसला. नंतर नीट पाहिल्यावर कळलं की गाठी जठराच्या एका ठरावीक भागातच होतात. उंदराला मूळ जठराच्या आधी धान्य साठवायची एक थैली असते. बीएचए त्या थैलीच्या अस्तराला सतत जाळत राहतं. माणसाला ती थैलीच नाही. शिवाय आपल्या कायद्याने तेला-तुपात बीएचएची मर्यादा ०.०२ टक्के आहे. उंदरांच्या खाण्यातलं प्रमाण याच्या शंभरपट होतं. तरीही त्या संस्थेने बीएचएला ‘माणसात कर्करोगजनक असण्याची शक्यता’ या गटात ठेवलं आहे. म्हणजे घबराट नको आणि डोळेझाकही नको.

आपल्या हळदीलाही या परीक्षेतून जावं लागलं. हळदीचा दाट अर्क, ज्यात जवळजवळ ऐंशी टक्के करक्युमिन होतं, खाण्यात पाच टक्क्यांपर्यंत मिसळून दिला. १९९३ च्या अहवालात नर रॅटमध्ये कर्करोगाचा पुरावा मिळाला नाही. मादी रॅटमध्ये आणि लहान उंदरांच्या नर-माद्यांत निकाल ‘संदिग्ध’ लागला. म्हणजे काही गाठी वाढल्यासारख्या दिसल्या, पण ठामपणे बोट ठेवता येईना. त्याच सुमारास मुंबईत डॉ. सुमती भिडे आणि त्यांचे सहकारी हळदीमुळे उंदरांच्या पोटातल्या आणि कातडीवरच्या गाठी कमी होतात असं दाखवत होते. यातून आपण काय घ्यायचं? वरणातली हळद चालू ठेवायची. पण करक्युमिनच्या गोळ्या मूठभर खाल्ल्याने कर्करोग दूर राहतो, असं या प्रयोगांतून कोणी सिद्ध केलेलं नाही.

आता माणसांकडे वळू, कारण अखेर पुरावा तिथेच लागतो. गाजर, पपई, आंबा यांना रंग देणारं बीटा-कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर याचा मोठा प्रयोग झाला. काहींना रोज २० मिलिग्रॅमची गोळी, काहींना नुसती दिखाऊ गोळी. १९९४ साली निकाल लागला आणि सगळे चक्रावले. गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेत १८,३१४ लोकांवर असाच प्रयोग चालू होता. तिथे २८ टक्के वाढ दिसली आणि १९९६ साली तो वेळेआधीच थांबवला. पुढे ३५,५३३ पुरुषांवरच्या आणखी एका अमेरिकी प्रयोगात ई जीवनसत्त्वाची गोळी घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त आढळला. तो निकाल २०११ चा.

उंदरांनी याची सूचना आधी का दिली नाही? कारण रॅटच्या आतड्यात बीटा-कॅरोटीनचं लगेच अ जीवनसत्त्व होतं. ते फुप्फुसापर्यंत पोहोचतच नाही. माणसात काही भाग तसाच रक्तात जातो. फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्यात ते माणसासारखं शोषलं जातं, म्हणून नंतर फेरेट घेतले. त्यांना धूर आणि बीटा-कॅरोटीन दोन्ही दिलं तेव्हा फुप्फुसात कर्करोगाच्या दिशेने जाणारे बदल दिसले. हा निष्कर्ष १९९९ साली आला. म्हणजे प्राणी चुकीचा निवडला तर खोटी भीती वाटते, तशीच खोटी खात्रीही वाटते.

२०१४ साली स्वीडनच्या गोथेनबर्गमध्ये आणखी एक धागा हाती लागला. ज्या लहान उंदरांच्या फुप्फुसात गाठ आधीच सुरू झाली होती त्यांना ई जीवनसत्त्व दिलं. गाठी झपाट्याने वाढल्या. पेशीत एक राखणदार असतो. गुणसूत्रांना ओरखडे पडले की तो जागा होतो आणि बिघडलेल्या पेशीला वाढू देत नाही. अँटिऑक्सिडंटने ओरखडे कमी केले, त्यामुळे राखणदार झोपून राहिला आणि फावलं ते बिघडलेल्या पेशीचं. म्हणून ज्यांच्या घरात कर्करोगाचा रुग्ण आहे आणि नागपूरला उपचार चालू आहेत, त्यांना आमची हात जोडून विनंती आहे. ‘ताकदीसाठी’ म्हणून कोणी सुचवलेली गोळी, पावडर, थेंब डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. विचारायला संकोच वाटू देऊ नका. फळं, भाज्या, डाळ-भात ही गोष्ट निराळी. ते अन्न आहे.

आता सुपारी.

पूजेत आपण सुपारीला गणपती म्हणून मांडतो, तिच्यावर अक्षता टाकतो. तिचा मान तिथे आहे आणि तिथेच राहावा. पण हीच सुपारी तंबाखू आणि चुन्याबरोबर पन्नीत घोटली की आपल्या भागात तिला खर्रा म्हणतात. खर्रा खाणारा कधी कधी म्हणतो, सुपारी म्हणजे झाडाचं फळ, तिच्यातही अँटिऑक्सिडंट असतात. बोलणं खोटं नाही. चहात असतं तसं कॅटेचिन सुपारीतही असतं.

या सुपारीची परीक्षा आपल्याच माणसांनी घेतली. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे या परळच्या कर्करोग संशोधन केंद्रात काम करत. पुढे १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९७६ साली सुपारीच्या अर्काचे प्रयोग हॅम्स्टरवर केले. हॅम्स्टर निवडला, कारण त्याच्या गालाला आतून पिशवी असते आणि त्यात तो दाणे धरून ठेवतो, जसा खर्रा खाणारा गालात बार धरतो. अर्काने गाठी झाल्या, आणि तंबाखू सोबत असेल तेव्हा जास्त झाल्या. १९७९ साली डॉ. भिडे, डॉ. रणदिवे आणि सहकाऱ्यांनी ब्रिटिश जर्नल ऑफ कॅन्सरमध्ये पुढचं काम छापलं. लहान उंदरांना सुपारीचा अर्क पाजला तर गाठी होतात, नुसत्या विड्याच्या पानाच्या अर्काने होत नाहीत. आजी जेवणानंतर पान लावायची त्यात निदान पान तरी होतं. खर्र्यात तेही नाही.

मग सुपारीतल्या अँटिऑक्सिडंटचं काय झालं? याचं उत्तर १९८७ साली मिळालं, त्यातही मुंबईच्या संशोधकांचा वाटा होता. चुना मिसळला की सुपारीचा आणि काताचा अर्क क्षारधर्मी होतो. अशा वेळी तेच कॅटेचिन प्राणवायूशी उलट वागतं. रेणूंना आवरण्याऐवजी तेच उतावळे रेणू निर्माण करतं आणि गुणसूत्रांवर खुणा सोडतं. राखायला ठेवलेलाच घर फोडतो, तसं हे आहे.

उंदरांनंतर माणसांचा पुरावाही आला, आणि तो उंदरांच्या पुराव्याशी जुळला. तंबाखूसह विडा कर्करोग करतो हे १९८५ सालीच मान्य झालं होतं. २००४ साली त्या जागतिक संस्थेने तंबाखूशिवायची सुपारीसुद्धा माणसात कर्करोगजनक ठरवली, पहिल्या गटात, जिथे शंकेला जागा नसते. संत्र्याच्या तेलाचा पुरावा माणसापर्यंत पोहोचला नाही. सुपारीचा पोहोचला. फरक इथे आहे.

म्हणून पुढच्या वेळी ‘उंदरांवर सिद्ध झालं’ असं कानावर आलं की चार प्रश्न विचारा. मात्रा किती होती? प्राणी कोणता, नर की मादी? रोग कोणत्या अवयवात झाला आणि तो अवयव, ती वाट माणसात आहे का? आणि माणसांत काय दिसलं? या चार चाळण्यांतून संत्रं पास होतं. हळद फोडणीपुरती पास होते. बीएचए मर्यादेत राहिलं तर चालतं. बीटा-कॅरोटीनची गोळी धूम्रपान करणाऱ्यासाठी नापास होते. आणि खर्रा चारही चाळण्यांत अडकतो.

शेवटी दोन व्यवहाराच्या गोष्टी. जो खर्रा किंवा सुपारी खातो त्याने आज घरी जाऊन आरशासमोर तोंड पूर्ण उघडावं आणि आपली तीन बोटं उभी धरून आत जातात का पाहावं. जात नसतील, तिखट झोंबत असेल, गालात पांढरे पट्टे किंवा न भरणारी जखम असेल, तर दातांच्या डॉक्टरांकडे जायला उद्याची सकाळ पुरे. तोंड आखडण्याचा हा आजार सुपारीचा आहे आणि त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. लवकर पोहोचलेल्या माणसाच्या हातात बरंच काही असतं.

दुसरी गोष्ट मंडळासाठी. २०१२ साली अन्नसुरक्षा कायद्याखाली गुटख्यावर बंदी घालणारं आपलं मध्य प्रदेश हे पहिलं राज्य होतं. पण खर्रा हाताने घोटला जातो, त्याला कारखाना लागत नाही, आणि बंदी पानठेल्यापर्यंत जेमतेम पोहोचते. ते काम शेजारी, काका, मामा आणि मंडळाचे कार्यकर्तेच करू शकतात. आम्ही सुचवतो की या मंडपात, रात्रीच्या जागरणात आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत खर्रा नको, असा ठराव आजच व्हावा. थकल्या पोरांना चघळायला काही हवं असेल तर संत्र्याच्या फोडी ठेवा. आपल्याकडे त्यांना तोटा नाही.

आरतीची वेळ झाली आहे, आम्ही थांबतो. 

गणपती बाप्पा मोरया!